हवामानबदलाचा अनुभव आणि खेळाचा घाट : इनुइट जीवन, माणदेश आणि करोल बाग

बदलत्या हवामानाने एखाद्या जनसमूहाच्या जगण्यावर जे आघात होतात, ते संगणकीय खेळाच्या रूपाने मांडता येतील काय? खेळणाऱ्याला त्या जगात पूर्णपणे ओढून नेणारा, ज्याला तन्मयकारी म्हणता येईल असा खेळ येथे अभिप्रेत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न प्रथमदर्शनी परका वाटेल. तो तंत्रज्ञांनी सोडवावा, असेही कोणी म्हणेल. परंतु यंत्राची बाजू बाजूला ठेवली, की उरतो तो अनुभव आणि त्याचा घाट यांच्या संबंधाचा प्रश्न, आणि तो तर आपल्या अभ्यासक्षेत्राच्या मध्यभागी आहे. परक्याचे दुःख कोणत्या आकारात मांडले असता त्याचा विपर्यास होत नाही, ही विवंचना कादंबरीकाराची आहे, नाटककाराची आहे, तशीच खेळ रचणाऱ्याचीही आहे.

या निबंधात दोन उदाहरणे शेजारी ठेवली आहेत. पहिले उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांचे आहे. या विषयाचे ते मूळ क्षेत्र असून तेथे काही प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. दुसरे आपल्या जवळचे, किंबहुना दिल्लीतल्या करोल बागेतले आहे. सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायातली जी मराठी कुटुंबे येथे राहतात, ती बहुतांशी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली आहेत. बर्फाचा प्रदेश आणि अवर्षणाचा प्रदेश यांत दृश्य साम्य कोणतेच नाही. साम्य आहे ते निसर्ग वाचण्याच्या विद्येत, आणि ती विद्या फसू लागल्यावर होणाऱ्या मनाच्या अवस्थेत.

१. नियम हाच आशय

कादंबरीत घटनांचा क्रम लेखक ठरवतो, अर्थ लावणे वाचकाकडे राहते. खेळात रचनाकार घटना लिहीत नाही, नियम लिहितो. त्या नियमांच्या चौकटीत खेळणारा निर्णय घेतो आणि त्या निर्णयांतून घटना जन्मतात. म्हणून खेळाचा जीवनविषयक दृष्टिकोन त्याच्या चित्रांत किंवा संवादांत शोधणे पुरेसे नाही. काय केले असता काय मिळते, काय गमावले जाते, आणि कोणती गोष्ट काही केले तरी करताच येत नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो दडलेला असतो.

हे तत्त्व भारतीय परंपरेला नवे नाही. ज्याला महाराष्ट्रात मोक्षपट म्हणतात आणि ज्याचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, तो ज्ञानचौपडीच्या कुळातला खेळ याचे ठसठशीत उदाहरण होय. वैष्णव पटांत सामान्यतः ७२ आणि जैन पटांत ८४ घरे आढळतात. प्रत्येक घराला एखाद्या गुणाचे, दोषाचे किंवा लोकाचे नाव असते. दान कवड्यांचे असते आणि ते खेळणाऱ्याच्या हाती नसते. पण पडलेल्या दानाने आपण कोणत्या नावाच्या घरात आलो आणि तेथून कोणत्या सापाने खाली गेलो, हे मोठ्याने वाचीतच खेळ पुढे सरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथे प्रथम घरांची नावे बदलली आणि पुढे ती नाहीशीच होऊन केवळ आकडे उरले. साप तेच, शिड्या त्याच आणि दानही तेच. परंतु जो खेळ जीवाच्या प्रवासाविषयी बोलत होता, तो आता केवळ नशिबाविषयी बोलू लागला.

या स्थित्यंतरातून रचनाकाराने एक धडा घ्यावयास हवा. नियमाला अर्थ येतो तो शब्दामुळे. घराचे नाव पुसले की नियम मुका होतो. म्हणूनच एखाद्या जनसमूहाच्या जगण्यावर खेळ रचावयाचा तर प्रारंभ त्याच्या पोशाखापासून किंवा भूदृश्यापासून न करता त्याच्या शब्दांपासून करावा लागतो.

२. बर्फाचे शब्द

इनुइट भाषांत समुद्रावरच्या बर्फासाठी ‘सिकू’ हा शब्द आहे. किनाऱ्याला धरून राहिलेला बर्फ जेथे संपतो आणि उघडे पाणी सुरू होते त्या कडेला ‘सिना’ म्हणतात. सील आणि वॉलरस यांच्या शिकारीसाठी ही कड महत्त्वाची आहे. बर्फाचे वय, जाडी, ओलावा आणि भेग यांनुसार आणखी कितीतरी शब्द येतात. हे शब्द म्हणजे भाषेचे अलंकार नव्हेत. प्रत्येक शब्दामागे एक निर्णय आहे: येथे पाय ठेवावा की ठेवू नये, कुत्र्यांची गाडी न्यावी की वळसा घ्यावा, आज निघावे की उद्या. हारपूनच्या टोकाने बर्फ ठोकून त्याचा आवाज ऐकणारा शिकारी एका अर्थाने शब्दकोशच उलगडत असतो.

‘सिला’ हा आणखी एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. तो हवामानाचा, बाहेरच्या मोकळ्या जगाचा वाचक आहे आणि त्याचबरोबर शहाणपणाचा, भानाचाही. बाहेरची हवा आणि आतली समज यांना एकाच शब्दाने बांधणाऱ्या समाजाला हवा बिघडणे म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना यावरून करता येते. उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ नंतर जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने दाखविले. परंतु आकडा प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी शिकाऱ्यांनी या बदलाला नाव दिले होते. ‘उग्गियानाक्तुक’ म्हणजे अनपेक्षितपणे, अनोळखी रीतीने वागणे. ओळखीचा माणूस एखाद्या दिवशी परक्यासारखा वागू लागावा, तसे हवामान वागते आहे, असा त्याचा भाव आहे.

हा शब्द शीर्षकात घेऊन शारी फॉक्स या संशोधिकेने कॅनडातील नुनावुत प्रदेशातल्या क्लाइड रिव्हर आणि बेकर लेक या वस्त्यांतील इनुइटांची निरीक्षणे एका परस्परसंवादी संगणकीय तबकडीत संकलित केली. ती २००३ साली अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्रामार्फत वितरित झाली. तीत वृद्धांच्या मुलाखती, नकाशे आणि छायाचित्रे असून पाहणारा आपल्या मार्गाने त्यांत फिरू शकतो. हा खेळ नव्हे. परंतु पाहणाऱ्याने स्वतः वाट निवडत एका समाजाचे ज्ञान ऐकावे, ही कल्पना तीत बीजरूपाने आहे.

खरा खेळ आला तो २०१४ च्या नोव्हेंबरात. अलास्कातील कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या मूलनिवासी संस्थेने खेळ निर्माण करणारी स्वतःची कंपनी स्थापन केली आणि ई-लाइन मीडिया या संस्थेच्या सहकार्याने ‘किसिमा इंगिच्चुना’ हा खेळ सिद्ध केला. या नावाचा अर्थ ‘मी एकटा नाही’ असा आहे आणि इंग्रजीत तो ‘नेव्हर अलोन’ म्हणून ओळखला जातो. अलास्कातील इनुइटांना इनुपियाक म्हणतात. त्यांच्या भाषेतल्या निवेदनासह, जाणत्या वृद्धांच्या आणि कथेकऱ्यांच्या सहभागाने तो रचला गेला. रॉबर्ट नासरूक क्लीव्हलँड हे कथेकरी जी ‘कुनूक्सायुका’ची कथा सांगत, तिच्यावर तो आधारलेला आहे आणि त्यासाठी त्यांच्या कन्येची संमती घेण्यात आली होती. नुना ही मुलगी आणि एक पांढरा कोल्हा यांनी मिळून न संपणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधावयाचे, असे त्याचे सूत्र आहे. दोघांपैकी एकट्याने पुढे जाता येत नाही. ‘मी एकटा नाही’ हे वाक्य उपदेशाच्या रूपाने न येता नियमाच्या रूपाने येते. खेळाचा घाट आणि आशय यांची ही एकरूपता अनुकरणीय आहे.

तरीही हवामानबदलाच्या दृष्टीने या कथेची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. मूळ कथेत वादळाला एक कर्ता आहे. कोणी एक बलाढ्य पुरुष आपल्या हत्याराने बर्फ उडवतो आहे, म्हणून वादळ थांबत नाही. नायक त्याच्यापर्यंत चालत जातो, हत्यार हिरावतो आणि आकाश निवळते. लोककथेचे हे आश्वासन अत्यंत सुंदर आहे. परंतु आजच्या बर्फ वितळण्याला असा एक कर्ता नाही. तो लाखो धुरांड्यांत, मोटारींत, वीजघरांत आणि खेळणाऱ्याच्या समोरच्या यंत्राला वीज पुरवणाऱ्या कोळशातही वाटला गेलेला आहे. त्याच्यापर्यंत चालत जाता येत नाही. मग असा खेळ रचणाऱ्याने काय करावे? खलपुरुष कल्पून त्याचा पराभव दाखवावा, तर ती असत्य सांत्वना ठरते. काहीच करता येत नाही असे दाखवावे, तर निर्णय घेण्याची संधीच उरत नाही आणि खेळ खेळपणाला मुकतो.

या पेचातून वाट इनुइटांनीच, खेळाच्या बाहेर, दाखवलेली आहे. ७ डिसेंबर २००५ रोजी शीला वॉट-क्लूटिए यांनी ६२ शिकारी व वृद्धांसह आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगापुढे अर्ज दाखल केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून होणारे उत्सर्जन आमच्या जगण्याच्या हक्कांचा भंग करते, असे त्यांचे म्हणणे होते. आयोगाने तो अर्ज पुढे चालवला नाही. २००७ च्या मार्चमध्ये मात्र या विषयावर सुनावणी दिली. न्यायालयीन अर्थाने येथे विजय नाही. परंतु ज्यांना केवळ बळी म्हणून पाहिले जात होते, त्यांनी थंडी हा आपला हक्क म्हणून मांडला आणि कायद्याच्या पटावर नसलेले एक घर त्यावर काढण्याचा प्रयत्न केला. दान टाकणे वेगळे आणि पट बदलावयास सांगणे वेगळे.

३. तन्मयता आणि सविकल्प समाधी

तन्मयकारी खेळाचे पुरस्कर्ते असे मानतात, की खेळणारा जितका अधिक बुडेल तितका त्याला परक्याचा अनुभव अधिक कळेल. डोळ्यांवर यंत्र चढवले, भोवती बर्फ दिसू लागला, पायाखाली तडा गेल्याचा आवाज आला, की दिल्लीचा विद्यार्थी क्षणभर इनुइट होतो, अशी ही धारणा आहे. ती तपासून पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे साधन मराठी समीक्षेत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यात वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय आहे. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि आनंदाचा सर्वांगीण उलगडा तीतून होत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे रास्तही आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरती ती विलक्षण उपयोगी पडते. खेळणाऱ्याला यंत्र उतरवून जेवावयास जाता येते, शिकाऱ्याला बर्फावरून उतरता येत नाही. हा भेद विसरावयास लावणारी तन्मयता म्हणजे निर्विकल्प समाधी नव्हे, तर निव्वळ भ्रम होय. दुःखितांच्या बाबतीत तर हा भ्रम अपमानकारक आहे. ‘मला कळले’ असे म्हणून खेळणारा मोकळा होतो आणि ज्याचे त्याने अनुभवले, तो होता तेथेच राहतो.

मराठीत याचे उत्तम उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीचा निवेदक वाडीतला धनगर नाही, तो बाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे. तो वाडीत गुंततो, वाडीचे कळू लागते. पण दुष्काळ पडून वाडी उठते, तेव्हा मेंढरे घेऊन जगावयास जाणे हे त्याचे प्राक्तन नसते. कादंबरीची व्याकूळता या अंतरातून येते. वाचक शिक्षकाच्या जागी उभा राहतो, धनगराच्या जागी उभा राहण्याचा आव आणीत नाही. खेळ रचणाऱ्याने खेळणाऱ्याला कोणाची भूमिका द्यावी, या प्रश्नाचे एक उत्तर येथे तयार आहे.

४. माणदेश ते करोल बाग

‘बनगरवाडी’च्या उल्लेखाने आपण माणदेशात आलोच आहोत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत माणगंगेच्या काठाने पसरलेल्या या मुलखात, आणि त्याला लागून असलेल्या खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत, पाऊस मुळातच थोडा. अवर्षण येथे नवे नाही. १८७६-७८ चा दुष्काळ या भागाने सोसला आणि १९७२ चा तर अद्याप वृद्धांच्या बोलण्यात काळगणनेचा खुंटा म्हणून येतो. म्हणून प्रत्येक दुष्काळाला हवामानबदल म्हणणे इतिहासाला सोडून होईल. भेद करावयाचा तो थोडे पाणी आणि बेभरवशाचे पाणी यांत. थोड्या पाण्याशी जमवून घेण्याची विद्या या मुलखाने शतकानुशतके कमावली होती.

ती विद्याही शब्दांत आहे. मृगापासून स्वातीपर्यंत पावसाची नक्षत्रे, सुमारे तेरा-चौदा दिवसांचे एकेक. पंचांगात प्रत्येकाचे वाहन. पावशा पक्ष्याच्या ओरडण्यात ऐकू येणारे ‘पेरते व्हा’. मृग-आर्द्रेवर बाजरी, उत्तरा-हस्तावर शाळू. हीही बर्फाच्या शब्दांसारखी निर्णयांची भाषा आहे. घरातले बियाणे मातीत टाकावे की राखून ठेवावे, बैल विकावे की आणखी पंधरा दिवस कळ काढावी, हे या शब्दांच्या आधाराने ठरे. आज शब्द जागच्या जागी आहेत आणि पाऊस जागचा हलला आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखांची फेरमांडणी केली, तेव्हा वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. आटपाडीकडच्या डाळिंबाच्या बागांना तर पाण्याची टंचाई जशी बाधते तसा अवेळी पाऊसही बाधतो. ओल टिकली की तेल्या रोग बळावतो. ज्या पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेले, तोच आला असता मनात धास्ती उभी राहावी, ही ‘उग्गियानाक्तुक’ची मराठी प्रचीती होय. तिला अद्याप मराठीत एक शब्द मिळालेला नाही.

या मुलखातून जी माणसे बाहेर पडली, त्यांतल्या एका मोठ्या समूहाने गलाईचा व्यवसाय धरला. सोनाराकडचा कीस आणि मोडीचे दागिने मुशीत घालून आटवावयाचे, तेजाबाने हीण काढावयाचे आणि शुद्ध सोन्याची लगड सराफाच्या हाती द्यावयाची. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ पेठांत ही माणसे आढळतात. दिल्लीत करोल बागेच्या बीडनपुरा, रेगरपुरा या भागांतील सोनारकामाच्या गल्ल्यांत त्यांच्या भट्ट्या आहेत. करोल बाग हीच मुळी उठवलेल्या माणसांची वस्ती आहे. नव्या राजधानीच्या उभारणीसाठी ज्यांची खेडी उठली त्यांतले कित्येक येथे आले. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातले निर्वासित आले. पहिल्यांना सरकारने उठवले, दुसऱ्यांना फाळणीने. माणदेशी माणसाला कोणी उठवले, हे सांगता येत नाही. वादळ घडवणारा पुरुष येथेही दिसत नाही.

मराठी भाषेने मात्र या दोन ठिकाणांना एकाच धातूने जोडले आहे. गावाकडे विहीर आटते, येथे सोने आटवतात. गावातले आटणे आपोआप होते, त्याला कर्ता नाही; पेठेतले आटवणे कोणीतरी करतो. अकर्तृक क्रियेपासून सकर्तृक क्रियेपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच या माणसांचा इतिहास आहे, आणि प्रस्तुत खेळाचे सूत्रही तेच असू शकेल.

५. एका खेळाची रूपरेषा

वरील विवेचनाच्या आधारे, करोल बागेतल्या गलाई कुटुंबांच्या सहभागाने रचावयाच्या खेळाची काही तत्त्वे मांडता येतात. तंत्राचा तपशील येथे हेतुतः टाळला आहे. हीच तत्त्वे पुठ्ठ्याच्या पटावरही वापरता येतील आणि आभासी वास्तवाच्या यंत्रातही.

पहिले तत्त्व भूमिकेविषयीचे. खेळणाऱ्याने शेतकरी किंवा गलाईवाला होऊ नये. करोल बागेत वाढलेले, गावाकडे फक्त सुट्टीत जाणारे त्या घरातले मूल त्याने व्हावे. त्याला गावची नक्षत्रे माहीत नाहीत आणि ती आजीकडून किंवा चुलत्याकडून दूरध्वनीवर विचारून घ्यावी लागतात. खेळणाऱ्याचे खरे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान येथे एकरूप होते. ‘बनगरवाडी’च्या शिक्षकाप्रमाणे तो आतही आहे आणि बाहेरही, सविकल्पता येथे रचनेतच आली.

दुसरे तत्त्व ज्ञानाविषयीचे. खेळाचा पूर्वार्ध हा शिकण्याचा असावा. नक्षत्रे, वाऱ्याची दिशा, मातीची ओल, पावशाची हाक यांवरून पेरणीचा निर्णय घेण्यास खेळणारा शिकतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो. ज्ञान खरे आहे, याची प्रतीती त्याला आली पाहिजे. उत्तरार्धात, कोणतीही सूचना न देता, तेच संकेत आणि पाऊस यांची फारकत होऊ लागावी. खेळणाऱ्याला प्रथम वाटेल, आपलेच चुकले. वृद्धांना जे वाटले ते हेच. पूर्वार्धाशिवाय उत्तरार्ध दाखवला तर पारंपरिक ज्ञान म्हणजे अंधश्रद्धा होती, असा अत्यंत चुकीचा ग्रह होईल. एखादी विद्या खोटी असणे आणि खऱ्या विद्येच्या पायाखालची जमीन सरकणे यांतला फरक शब्दांत समजावणे कठीण आहे. खेळात तो अनुभवता येतो. कादंबरीला जे सहज साधत नाही आणि खेळाला साधते, ते हेच.

तिसरे तत्त्व एककाविषयीचे. सोंगटी व्यक्तीची नसावी, कुटुंबाची असावी. कोणी गावात राहतो, कोणी भट्टीवर जातो. दोन्ही ठिकाणे एकाच पटावर आहेत. दिल्लीतून पाठवलेल्या पैशाने गावात काय करावयाचे, हा निर्णय वारंवार यावा. त्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा डाव म्हणजे आणखी खोल कूपनलिका घेणे. ती घेतली की आपले पाणी वाढते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारीही खोल जातो. काही डावांनंतर सर्वांचेच पाणी खाली गेलेले असते आणि प्रत्येकाचा प्रत्येक डाव बिनचूक असतो. खलपुरुषाविना अनर्थ कसा घडतो, आणि त्यात आपलाही हात कसा असतो, हे समजावण्यास याहून प्रामाणिक मार्ग दिसत नाही. पृथ्वीचे तापणे हीही याच जातीची गोष्ट आहे.

चौथे तत्त्व निर्णायक आहे. या चक्रातून सुटण्याचा डाव पटावर असू नये. पण पटाचे नियम बदलण्याचा अधिकार खेळणाऱ्यांना असावा. हा कल्पनाविलास नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे १९७४ मध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसांच्या प्रमाणात वाटावयाचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस घ्यावयाचा नाही. हे सर्व नियम आहेत, आणि ते पटावर बसलेल्यांनीच बदललेले आहेत. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणामागेही भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा समान हक्क हीच भूमिका होती. आटपाडीस १९९३ पासून भरत आलेल्या पाणी परिषदांनी कृष्णेच्या पाण्यावरचा दुष्काळी तालुक्यांचा हक्क मांडला, आणि टेंभू योजनेचे पाणी उशिरा का होईना या मुलखात पोहोचले. २००५ चा इनुइटांचा अर्ज याच मालिकेतला आहे. तेव्हा खेळात असा टप्पा यावा, की जेथे खेळणाऱ्यांना दान टाकणे थांबवून एकत्र बसता येईल, नवा नियम सुचवता येईल, त्यावर वाद घालता येईल आणि सर्वांना मान्य झाल्यास तो पटावर लिहिता येईल. तो नियम टिकेलच असे नाही. नियम मोडणाराही खेळात असला पाहिजे. शिवाय गावाच्या नियमाने विहिरीतले पाणी वाटता येते, मोसमी वारे वळवता येत नाहीत, ही मर्यादाही खेळाने लपवू नये.

पाचवे तत्त्व मालकीचे. ‘किसिमा इंगिच्चुना’च्या निर्मितीत समाजाची स्वतःची संस्था मालक होती आणि कथेला वारसाची संमती होती. आपल्याकडे लोककथा, ओव्या, म्हणी यांचे संकलन करताना सांगणाऱ्याचे नावही न घेण्याची चाल दीर्घकाळ होती. खेळाच्या बाबतीत तिची पुनरावृत्ती होऊ नये. कोणते शब्द पटावर यावेत, कोणते घरातच राहावेत आणि कोणत्या हानीचे चित्रण करूच नये, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या कुटुंबांचा आहे.

६. समारोप

या सर्व चर्चेतून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. हवामानबदलावरचा तन्मयकारी खेळ खरा ठरतो तो त्याच्या दृश्यांच्या हुबेहूबपणामुळे नव्हे, तर त्याचे नियम जगण्याच्या नियमांशी प्रामाणिक असल्यामुळे. अशा खेळाने खेळणाऱ्याला तारणहार करू नये, कारण ते खोटे आहे. त्याला नुसता प्रेक्षकही करू नये, कारण ज्यांच्यावर हे ओढवले ते नुसते बळी कधीच नव्हते. नियम बदलण्याची खटपट करणारा माणूस, ही त्याची योग्य भूमिका आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या कामात एक विशिष्ट जागा आहे आणि ती दुसरे कोणी भरू शकणार नाही. पावसाचे, मातीचे, वाऱ्याचे, समुद्राचे शब्द आपल्या सर्व भाषांत आहेत. कोशांत त्यांचे अर्थ नोंदले गेले. त्या शब्दांवरून माणसे कोणता निर्णय घेत, हे मात्र फारसे नोंदले गेलेले नाही. निर्णयाची ही स्मृती ज्यांच्यापाशी आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांची नातवंडे करोल बागेसारख्या वस्त्यांत हिंदी बोलत वाढत आहेत. एका शब्दासमोर एक निर्णय, अशी यादी त्या आजी-आजोबांना विचारून करावयास घेतली, तर खेळ पुढे होवो वा न होवो, त्याचा पट तयार होईल. आणि जे संकेत आता जुळत नाहीत, त्यांच्यासमोर ते केव्हापासून जुळेनासे झाले, एवढे वर्ष जरी लिहिले, तरी आपल्या भाषेतला हवामानबदलाचा पहिला इतिहास त्या यादीतच लिहिला गेलेला असेल.